एक रुपयाच्या पेट्रोलची रांग

13 जून 2021, रविवार. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका पेट्रोल पंपासमोर सकाळीच स्कूटर आणि बाइकची रांग लागली होती. आदित्य ठाकरे यांचा वाढदिवस होता आणि त्या निमित्ताने युवासेनेच्या स्थानिक पदाधिकाऱ्यांनी दोन तास एक रुपया लिटर दराने पेट्रोल द्यायचं ठरवलं होतं. दहा ते बारा या वेळात सुमारे बाराशे जण लाभ घेऊन गेले. शेजारच्या अंबरनाथमध्ये त्याच दिवशी, त्याच कारणाने, भाव होता 50 रुपये. मुंबई-ठाण्यात पेट्रोलने शंभरी ओलांडून जेमतेम दोन आठवडे झाले होते.

पुढच्या वर्षी हाच खेळ पुन्हा रंगला. 14 एप्रिल 2022 ला, आंबेडकर जयंतीच्या दिवशी, सोलापुरात पाचशे जणांना रुपयात लिटरभर पेट्रोल मिळालं. त्यानंतर अकरा दिवसांनी ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर आमदार प्रताप सरनाईक यांच्या वाढदिवशी हजारेक जणांना. तेव्हा पाटीवरचा भाव 120 च्या वर होता.

पूर्वी वाढदिवसाला वह्यावाटप, फळवाटप व्हायचं; आता पेट्रोलवाटप होऊ लागलं, म्हणून हसायला हरकत नाही. पण त्या रांगेतल्या माणसाने लिटरभर पेट्रोल घेतलं, रुपयाचं नाणं दिलं आणि तो निघून गेला. उरलेले शंभर रुपये भरले कोणी? आणि ते गेले कुठे? पेट्रोलच्या भावात न्याय आहे की अन्याय, याचा शोध इथूनच सुरू करावा लागतो. स्वस्त पेट्रोल असं काही नसतंच. आपण भरत नाही ते पैसे दुसरं कोणी तरी भरत असतं, किंवा आपणच पुढच्या कुठल्या तरी वर्षी भरतो.

याचं सर्वांत मोठं उदाहरण 2008 चं आहे. त्या वर्षी जुलैत कच्च्या तेलाचं पिंप 147 डॉलरपर्यंत जाऊन आलं. मुंबईत पेट्रोल तेव्हा 55-56 रुपये लिटर होतं. 2022 च्या एप्रिलात तेल त्याहून बरंच खाली होतं आणि मुंबईची पाटी 120 रुपये 51 पैसे दाखवत होती. चौकाचौकातल्या वादात हे दोन आकडे शेजारी ठेवले की समोरचा गप्प होतो. पण त्यात दोन गोष्टी गाळलेल्या असतात. एक म्हणजे रुपया. 2008 मध्ये डॉलर 43 रुपयांच्या आसपास होता, 2022 मध्ये 76 च्या. दुसरी म्हणजे, 2008 चा भाव खरा नव्हताच. तेल कंपन्या तोट्यात विकत होत्या आणि केंद्र सरकार त्यांना रोख रकमेऐवजी रोखे देत होतं. एकूण सव्वा लाख कोटींहून अधिक रकमेचे हे रोखे 2025-26 पर्यंत फिटायचे होते. म्हणजे 2008 मध्ये कल्याणच्या एखाद्याने गाडीत जे पेट्रोल घातलं, त्याच्या किमतीतला काही भाग तेव्हा शाळेत जाणाऱ्या मुलाने, पुढे कमावता झाल्यावर, करातून भरला. त्यातही ज्याच्याकडे सायकलसुद्धा नव्हती, त्याच्याही खिशातून ते पैसे गेले. गाडीवाल्याला तो भाव परवडला. त्याला न्याय म्हणता येणार नाही.

तेव्हा महाग आणि अन्यायकारक हे दोन शब्द आधी वेगळे करू या. पेट्रोल महाग असण्याची चांगली कारणं असू शकतात. धूर सगळ्यांच्या छातीत जातो, रस्ता सगळ्यांचा असतो, आणि तेल परदेशातून डॉलर मोजून आणावं लागतं. माझी तक्रार वेगळी आहे, आणि त्यासाठी आधी पाटी वाचायला शिकावं लागतं.

हा हिशेब कागदाच्या तुकड्यावर होतो. इंडियन ऑइल आपल्या संकेतस्थळावर पेट्रोलच्या किमतीची फोड देते, पण ती दिल्लीची. आपली आपण करावी लागते. मुंबईचा 2025 मधला भाव घेऊ, 103 रुपये 50 पैसे. ठाणे-कल्याणला वाहतुकीमुळे काही पैसे इकडेतिकडे. महाराष्ट्र सरकार पेट्रोलवर 25 टक्के मूल्यवर्धित कर, म्हणजे व्हॅट, घेतं आणि वर लिटरमागे 5 रुपये 12 पैसे ठोक. म्हणून 103.50 मधून 5.12 वजा करा. राहिले 98.38. त्याला 1.25 ने भागा. येतात 78 रुपये 70 पैसे. हा झाला राज्याचा कर लागण्यापूर्वीचा भाव. राज्याच्या वाट्याला गेले 24 रुपये 80 पैसे. आता 78.70 मधून केंद्राचं उत्पादन शुल्क काढा, जे एप्रिल 2025 पासून 21 रुपये 90 पैसे होतं. उरले 56 रुपये 80 पैसे. यातले साधारण चार रुपये पंपमालकाचं कमिशन. बाकीच्या बावन्न-त्रेपन्न रुपयांत अरबस्तान, रशिया किंवा अमेरिकेतलं तेल, जहाज, विमा, माहुलच्या शुद्धीकरण कारखान्यातलं गाळप, टँकर आणि तेल कंपनीचा नफा, सगळं बसवायचं.

म्हणजे 2025 मध्ये दोन्ही सरकारं मिळून 46 रुपये 70 पैसे घेत होती, शंभरातले पंचेचाळीस. त्या मानाने पंपावरचा माणूस, ज्याच्याशी आपण हुज्जत घालतो, तो अगदीच किरकोळ भागीदार. त्याचं कमिशन ऑक्टोबर 2024 मध्ये वाढलं ते सात वर्षांनी, आणि तेही पेट्रोलवर लिटरमागे 65 पैशांच्या आसपास.

केंद्राच्या त्या 21.90 मध्ये आणखी एक मेख होती. त्यातलं मूळ उत्पादन शुल्क फक्त 1 रुपया 40 पैसे. बाकी सगळं विशेष अतिरिक्त शुल्क, कृषी पायाभूत उपकर आणि रस्ते उपकर या नावांखाली. नावं निवडण्यामागे हिशेब आहे. वित्त आयोगाच्या सूत्राने राज्यांना वाटा द्यायचा असतो तो मूळ शुल्कातून. उपकर आणि विशेष शुल्क यांत वाटेकरी नाही. मग राज्य सरकार म्हणतं, केंद्र आम्हाला काही देत नाही, आम्ही व्हॅट कसा सोडू? केंद्र म्हणतं, आम्ही कमी केलं, आता राज्याने करावं. दोघांचंही म्हणणं अर्धं खरं आहे, आणि त्या दोन अर्ध्यांच्या मध्ये आपली टाकी आहे.

आता ठाणे जिल्ह्याची खास गोष्ट. 30 जून 2024 पर्यंत या एका जिल्ह्यात पेट्रोल-डिझेलवर दोन वेगळे कर होते. बृहन्मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या महापालिकांच्या हद्दीत पेट्रोलवर 26 टक्के, डिझेलवर 24. कल्याण-डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगर हे राज्याच्या उरलेल्या भागात मोडायचे. तिथे पेट्रोलवर 25 आणि डिझेलवर 21. शीळफाट्याहून कल्याणकडे निघालात की शीळ-डायघरपर्यंत ठाणे महापालिका, आणि पुढे कटईच्या बाजूला कल्याण-डोंबिवली महापालिका. तोच रस्ता, त्याच कोंडीत अडकलेल्या त्याच गाड्या, पण करसीमा मध्येच कुठे तरी डांबरावरून गेलेली. पेट्रोलवाल्याला फरक लिटरमागे ऐंशी पैशांचा, तो कोणी मनावर घेत नाही. डिझेलचा मात्र दोन रुपयांहून जास्त. भिवंडीच्या गोदामातून निघणाऱ्या ट्रकची तीनशे लिटरची टाकी कुठल्या बाजूच्या पंपावर भरायची, याचं उत्तर चालकाला सहाशे रुपये देऊन जात होतं. तलासरीच्या पुढे गुजरातेत शिरून डिझेल भरायची सवय महामार्गावरच्या ट्रकवाल्यांना आहेच. त्याच कहाणीची ही घरगुती आवृत्ती.

28 जून 2024 ला अजित पवार यांनी अर्थसंकल्प मांडताना हा भेद काढून टाकला. 1 जुलैपासून ठाण्यालाही राज्याचाच दर लागू झाला. घोषणेत पेट्रोल सुमारे 65 पैशांनी आणि डिझेल 2 रुपये 7 पैशांनी उतरेल असं सांगितलं होतं. मुंबईच्या पाटीवर पेट्रोल 104.21 वरून 103.44 झालं, म्हणजे 77 पैसे. विधानसभेची निवडणूक चार-पाच महिन्यांवर होती. कराची रेघ पुसली गेली हे योग्यच झालं. ती इतकी वर्षं तिथे का होती, हे मात्र कोणी सांगितलं नाही, आणि डोंबिवलीकरांनी विचारायचं कारण नव्हतं, कारण त्या एका बाबतीत नशीब त्यांच्या बाजूने होतं. पाणी, रस्ते, लोकल यांत ठाण्याकडे हेव्याने पाहणाऱ्या माणसाला तेवढाच एक टक्का.

वरच्या भागाकारात एक गोष्ट लपून राहते. राज्याचा व्हॅट लागतो तो केंद्राचं शुल्क धरून झालेल्या किमतीवर. म्हणजे करावर कर. 21 मे 2022 ला केंद्राने पेट्रोलवरचं शुल्क 8 रुपयांनी आणि डिझेलवरचं 6 रुपयांनी कमी केलं. दुसऱ्याच दिवशी तेव्हाच्या महाविकास आघाडी सरकारने जाहीर केलं, की राज्यही पेट्रोलवरचा व्हॅट 2 रुपये 8 पैशांनी आणि डिझेलवरचा 1 रुपया 44 पैशांनी कमी करत आहे. आठाचे 26 टक्के किती होतात? 2.08. सहाचे 24 टक्के? 1.44. म्हणजे दर एका पैशानेही न बदलता, केंद्राच्या कपातीमुळे जे आपोआप घटणार होतं, तेवढ्याच आकड्याची घोषणा झाली. शाळेत टक्केवारी शिकवताना हे गणित द्यायला हरकत नाही. खरी कपात पुढे 14 जुलै 2022 ला झाली. मुख्यमंत्रिपदी नुकतेच आलेले ठाण्याचे एकनाथ शिंदे यांनी पेट्रोलवरची ठोक रक्कम 5 रुपयांनी आणि डिझेलवरची 3 रुपयांनी उतरवली. 10 रुपये 12 पैशांचे 5 रुपये 12 पैसे झाले ते तेव्हा.

ती ठोक रक्कम आली कुठून, याचाही एक इतिहास आहे. ऑक्टोबर 2015 मध्ये दुष्काळनिवारणासाठी म्हणून लिटरमागे 2 रुपयांचा अधिभार बसला. दुष्काळ संपला, पाऊस पडला, अधिभार वाढत गेला. मार्च 2020 च्या अर्थसंकल्पात एक रुपया आणखी, जूनमध्ये टाळेबंदीची भर म्हणून आणखी दोन. पाहुणा म्हणून आलेला कर घरजावई होतो, तो असा.

मला खरा अन्याय दिसतो तो इथे. पेट्रोलचा भाव चढतो तेव्हा कच्च्या तेलाचं बोट धरून चढतो. उतरायच्या वेळी मात्र ते बोट सुटतं. कागदावर पेट्रोलचे भाव 26 जून 2010 पासून आणि डिझेलचे ऑक्टोबर 2014 पासून सरकारी नियंत्रणातून मोकळे आहेत. 16 जून 2017 पासून तर रोज सकाळी सहा वाजता नवा भाव लागायचा ठरला. जगाच्या बाजाराबरोबर आपणही खालीवर होऊ, असा तो करार होता. आता तो पाळला कसा गेला ते पाहा.

जून 2014 मध्ये तेल 115 डॉलरच्या आसपास होतं. जानेवारी 2016 मध्ये ते तीस डॉलरच्या खाली गेलं, चौथाईवर आलं म्हणा ना. त्या दीड वर्षात केंद्राने पेट्रोल-डिझेलवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने नऊ वेळा वाढवलं. पेट्रोलवर 9 रुपये 48 पैसे होतं, ते 21 रुपये 48 पैसे झालं. उतरलेल्या भावातला मोठा हिस्सा पाटीपर्यंत पोचण्याआधीच वाटेत उचलला गेला. 2020 मध्ये तर कळस झाला. एप्रिलमध्ये अमेरिकेत तेलाचा वायदा भाव शून्याखाली गेला. तेल न्या आणि वर पैसेही घ्या, अशी पाळी. आपल्याकडे टाळेबंदी होती, कल्याण-शीळ रस्ता आयुष्यात पहिल्यांदा रिकामा दिसत होता. 5 मे च्या रात्री केंद्राने पेट्रोलवर 10 आणि डिझेलवर 13 रुपये शुल्क वाढवलं. पंपावरचा भाव हलला नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही आलं नाही. तेल पुन्हा महागू लागलं, तेव्हा मात्र 7 जूनपासून रोजची वाढ इमानेइतबारे सुरू झाली, आणि ती त्या 32 रुपये 98 पैशांच्या शुल्काच्या डोक्यावर. 2014-15 मध्ये केंद्राला पेट्रोलियमवरच्या उत्पादन शुल्कातून सुमारे 99 हजार कोटी मिळाले होते. 2020-21 मध्ये 3 लाख 73 हजार कोटी.

या पैशाचं काय केलं, हा वेगळा प्रश्न. मोफत धान्य, लस, रस्ते, त्यातलं बरंच आवश्यक होतं. सरकारला महामारीत पैसा लागतो, तो कुठून तरी काढावा लागतो, हे मान्य. पण टाळेबंदीत मोडलेल्या माणसाकडून, तो दुचाकीवर बसून पुन्हा कामावर जायला लागल्या लागल्या, लिटरमागे साठेक रुपये कर घेणं हा त्या पैशाचा सर्वांत न्याय्य स्रोत होता का?

रोजच्या भावाचंही तसंच. 4 नोव्हेंबर 2021 ते 21 मार्च 2022 या 137 दिवसांत पेट्रोल हललं नाही. त्या काळात उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका झाल्या आणि रशियाने युक्रेनवर हल्लाही केला. निकाल लागून गेले, आणि 22 मार्चपासून सोळा दिवसांत चौदा वेळा वाढ होऊन लिटरमागे 10 रुपये चढले. एखाद्या दुकानदाराने चार महिने भाव बांधून ठेवला आणि मग पंधरवड्यात सगळी वसुली केली, तर आपण त्याला लबाड म्हणू. इथे मात्र त्याला बाजारावर आधारित भाव म्हणायचं.

तेल कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी, कारण एप्रिल 2022 नंतर त्यांनी खरोखर तोटा खाल्ला. पाटीवरचा भाव गोठला होता आणि तेल महाग होतं. एप्रिल ते जून 2022 या तिमाहीत इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या तिघांचा मिळून तोटा साडेअठरा हजार कोटींच्या घरात गेला. पुढे तेल उतरलं, रशियाचं सवलतीचं तेल येऊ लागलं, पाटी तशीच राहिली. 2023-24 मध्ये याच तिघांनी मिळून 80 हजार कोटींहून अधिक नफा नोंदवला. मार्च 2024 मध्ये, लोकसभेच्या तारखा जाहीर होण्याच्या तोंडावर, लिटरमागे 2 रुपये कमी झाले. आधी खाल्लेल्या तोट्याचा खड्डा भरून काढायचा होता, असं कंपन्या सांगतात, आणि ते पटण्यासारखं आहे. पण खड्डा किती खोल होता आणि कधी भरला, याची वही आपल्याला कोणी दाखवत नाही. एप्रिल 2025 मध्ये तेल घसरलं तेव्हा केंद्राने पुन्हा 2 रुपये शुल्क वाढवलं. पाटी जागची हलली नाही. वाढ झाली नाही म्हणून लोकांना बरं वाटलं. घट व्हायला हवी होती, ती न झाल्याचं दुःख कोणाला होत नाही, कारण ती कधी दिसलीच नव्हती.

हे सगळं भरतो कोण? कल्याण-डोंबिवलीत गाडीवाला म्हटलं की डोळ्यांसमोर मोठी मोटार आणू नका. इथला वाहनचालक म्हणजे बहुतेक वेळा 110 सीसीच्या स्कूटरवरचा माणूस. डोंबिवलीहून ठाण्याला किंवा महापेला जाणारा, पावसाळी जॅकेट डिकीत, हेल्मेट आरशाला. रोजचे जाऊन-येऊन 45 किलोमीटर धरले, आणि गाडी तेवढंच ॲव्हरेज देते असं धरलं, तर रोज एक लिटर. महिन्याचे 26 दिवस, 26 लिटर, 2025 च्या भावाने 2,690 रुपये. यातले सुमारे 1,214 रुपये कर. लोकलचा दुसऱ्या वर्गाचा पास काही शे रुपयांत मिळतो, मग हा शहाणा दुचाकीवर का जातो? त्याचं उत्तर सकाळी आठ वाजता डोंबिवलीच्या फलाटावर उभं राहिलं की मिळतं. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन भरगच्च लोकल एकमेकींजवळून गेल्या आणि दारात लटकलेली माणसं खाली पडली. चौघांचा तिथे जीव गेला. अर्थशास्त्र सांगतं, की वस्तू महागली की लोक ती कमी वापरतात. पण त्याच्या जागी वापरायला दुसरं काही असेल तर! नसेल तर महाग पेट्रोलने वापर कमी होत नाही, फक्त घरातला दुसरा कुठला तरी खर्च कमी होतो.

त्यात कोंडी. पेट्रोलवरचा कर लिटरवर असतो, किलोमीटरवर नाही. ज्याचा रस्ता मोकळा, तो एका लिटरात जास्त पल्ला मारतो. ज्याचा रस्ता शीळफाट्यावरून किंवा पलावा चौकातून जातो, तो उभ्या उभ्या पेट्रोल जाळतो आणि त्या जळणाऱ्या प्रत्येक थेंबावर रस्ते उपकर भरतो. लिटरमागे 5 रुपये, रस्त्यांसाठी! खड्ड्यात गाडी अडकलेली असताना हा आकडा आठवू नये. मोठागाव-माणकोली पुलाने ठाण्याचं अंतर बऱ्याच जणांसाठी कमी केलं, आणि ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोलही गेला. पण टोल मोटारींना होता. स्कूटरवाला तो आधीही देत नव्हता, त्यामुळे त्याला माफीही मिळाली नाही.

रिक्षावाल्याचा हिशेब थोडा निराळा. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या रिक्षा आता पेट्रोलवर नाहीत, महानगर गॅसच्या सीएनजीवर धावतात. 1 एप्रिल 2022 ला राज्याने सीएनजीवरचा व्हॅट 13.5 टक्क्यांवरून 3 वर आणला, तेव्हा किलोचा भाव 66 वरून 60 झाला. रिक्षावाले खूश झाले. ऑगस्टपर्यंत तोच भाव 86 वर गेला. ऑक्टोबरात मीटरचं किमान भाडं 21 वरून 23 झालं. पुढे मार्च 2024 मध्ये सीएनजी 73 रुपये 50 पैशांवर उतरलं; भाडं 23 च राहिलं, आणि फेब्रुवारी 2025 पासून 26 झालं. म्हणजे एका बाजूने चढणारी ही शिडी फक्त सरकारची नाही. डोंबिवलीत तर मीटर पाहतो कोण. शेअर रिक्षाच्या रांगेत पाच रुपयांनी वाढलेलं भाडं कमी झाल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. ठाण्यात मीटरने जाणाऱ्याला निदान दरपत्रक दाखवून भांडता येतं. फडके रोडवर चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेर काढून बसलेल्याने कोणाशी भांडावं?

भावाबद्दल बोलताना मापाबद्दल बोलायचं राहून जातं. ‘शंभरचं नको, एकशे दहाचं टाक,’ असं म्हणणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. कदाचित तुम्हीही त्यातलेच असाल. ठरावीक रकमेला यंत्रात गडबड केलेली असते, हा समज. भोळा वाटतो, पण त्याला जमिनीवरचं कारण आहे. 2017 मध्ये उत्तर प्रदेशात पंपांच्या यंत्रात चिप बसवून कमी पेट्रोल देण्याचा प्रकार उघड झाला. त्यानंतर ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने डोंबिवलीसह राज्यभरच्या पंपांवर छापे घातले आणि इथेही तेच सापडलं. एकशे दहाचं टाकल्याने अशा यंत्रापुढे काही फरक पडत नाही. प्रत्येक पंपावर वैध मापन विभागाने प्रमाणित केलेलं पाच लिटरचं माप असतं आणि मागितलं तर त्यात मोजून दाखवणं पंपाला बंधनकारक आहे. पाच लिटरमागे 25 मिलिलिटरपर्यंतची चूक कायद्याला चालते. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायच्या आत हे माप मागायचं धैर्य मात्र हवं.

शिवाय लिटर तोच राहिला तरी त्यातला ऐवज बदलतो. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच म्हटलं होतं, की जुन्या बांधणीच्या दुचाकींचं ॲव्हरेज तीन-चार टक्क्यांनी आणि मोटारींचं सहा-सात टक्क्यांनी घटू शकतं. 2025 मध्ये सरकारचं म्हणणं होतं, की घट किरकोळ आहे आणि इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वस्तही राहिलेलं नाही. कोल्हापूर-नगरच्या ऊसवाल्याला त्यातून पैसे मिळतात, परकीय चलन वाचतं, हे खरंच. पण स्कूटरवाल्याच्या बाजूने पाहिलं तर लिटर तोच, भाव तोच आणि पल्ला थोडा कमी. आधीचा करार त्याला न विचारता बदलला गेला. ही भाववाढच आहे, फक्त ती पाटीवर दिसत नाही.

जीएसटीत आणा म्हणजे सगळं सुटेल, असं पुष्कळांना वाटतं. 17 सप्टेंबर 2021 ला लखनौच्या बैठकीत जीएसटी परिषदेसमोर हा विषय आला आणि ही वेळ नव्हे म्हणून बाजूला ठेवला गेला. का, ते आपल्या कागदावरच कळतं. ते 56 रुपये 80 पैसे घ्या आणि आताचा सर्वांत वरचा 40 टक्के दर लावा. साडेएकोणऐंशी रुपये होतात. पाटीवरच्या भावापेक्षा 24 रुपये कमी. हे 24 रुपये दिल्ली सोडणार की मुंबई, यावर दोघांचंही उत्तर ठरलेलं आहे.

मग किमान एवढं तरी. हॉटेलात मिसळ खाल्ली तर बिलावर केंद्राचा जीएसटी वेगळा, राज्याचा वेगळा छापून येतो, अडीच-अडीच टक्क्यांचा. पंपाच्या पावतीवर लिटर, दर, रक्कम, वेळ, नोझलचा क्रमांक, कधी घनतासुद्धा असते. कराची ओळ मात्र नसते.

आता त्या रविवारच्या रांगेकडे परत जाऊ. जून 2021 मध्ये डोंबिवलीतला भाव 102 रुपये धरू. तेव्हा राज्याचा कर 25 टक्के अधिक 10 रुपये 12 पैसे, आणि केंद्राचं शुल्क 32 रुपये 90 पैसे. भागाकार केला तर लिटरमागे केंद्राला गेले 32.90 आणि राज्याला साडेअठ्ठावीस. रांगेतल्याने रुपया दिला, कार्यकर्त्यांनी स्वतःच्या खिशातले 101 घातले, आणि त्यातले 61 रुपये जसेच्या तसे दोन्ही तिजोऱ्यांत जमा झाले. त्यातली एक तिजोरी मुंबईत होती, आणि त्या वर्षी तिच्या किल्ल्या, ज्याचा वाढदिवस होता त्याच्याच वडिलांच्या सरकारकडे होत्या.